कॅम्पची हद्द आणि अमेरिकेची उपनगरे



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते इतिहासाच्या तासाला आधी फळ्यावर नकाशा काढत आणि मगच बोलायला सुरुवात करत, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. आज मी तीच रीत पाळतो. विषय अमेरिकेच्या उपनगरांतल्या वर्णभेदाचा आणि तिथल्या बदलत्या वस्तीचा आहे. पण व्याख्यान कॅम्पात आहे, म्हणून पहिला नकाशा बेळगावचा.

स्वातंत्र्याआधी इथे एकमेकांना चिकटून तीन गावं होती आणि तिन्हींचे धनी वेगळे होते. मधलं जुनं शहर नगरपालिकेचं. दक्षिणेचं शहापूर सांगलीच्या पटवर्धनांचं, म्हणजे चार पावलं चाललं की माणूस ब्रिटिश मुलखातून संस्थानात जायचा. आणि पश्चिमेला हा कॅम्प, लष्कराचा. १८१८ साली इंग्रज सेनानी मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला, पुढे १८३०च्या दशकात छावणी इथे कायमची बसली. सेंट पॉल्स शाळा १८५६ची, सेंट मेरीज चर्च १८६९चं. रुंद रस्ते, दुतर्फा मोठी झाडं, विस्तीर्ण आवारात एकेक बंगला. शहरातल्या गल्लीत भिंतीला भिंत लागून घरं आणि इथे दोन शेजाऱ्यांची हाक एकमेकांना पोचणार नाही एवढं अंतर. आपल्याला हा कॅम्प लहानपणापासून सुंदर वाटत आला, आणि तो सुंदर आहेच. पण हे अंतर कुणी ठरवलं आणि कशासाठी ठरवलं, हे आपण फारसं विचारलं नाही.

सरकारी कागदांत त्याचं कारण आरोग्य असं दिलेलं आहे. हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाचा अहवाल १८६३ साली आला. दर हजार गोऱ्या सैनिकांमागे वर्षाला ६९ मृत्यू होतात, हा त्यातला आकडा इंग्लंडभर गाजला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी त्यावर स्वतः लिहिलं. बहुतेक मृत्यू लढाईत होत नव्हते. ताप, हगवण, पटकी यांनी माणसं जात होती. त्या काळी वैद्यकाची समजूत अशी होती की रोग दूषित हवेतून पसरतो. मग उपाय सोपा झाला: गोरा सोजीर देशी बाजारापासून लांब ठेवायचा. १८६४ साली छावण्यांसाठी पहिला मोठा कायदा झाला आणि बराकी कुठे, बंगले कुठे, देशी पलटणीच्या लायनी कुठे, सदर बाजार कुठे, हे सगळं आखून दिलं गेलं. कुणाला छावणीच्या हद्दीबाहेर काढायचं, याचाही अधिकार लष्करी अंमलदाराला मिळाला.

रोगाची भीती खोटी नव्हती, माणसं खरोखर मरत होती. पण उपाय निवडताना नळ, गटारं आणि स्वच्छ पाणी सगळ्या वस्तीला सारखं द्यायचं, हा मार्गही मोकळा होता. तो न निवडता कातडीच्या रंगावरून जमीन वाटली गेली. आणि एकदा जमीन वाटली की पाणी, दिवे, रस्ता, झाडं, सगळं त्या वाटणीच्या मागोमाग गेलं.

तरी ही हद्द कधीच पूर्ण बंद नव्हती, असूही शकत नव्हती. साहेबाला खानसामा लागे, भिस्ती लागे, घोड्याला मोतद्दार लागे, मुलांना आया लागे, शौचकूप साफ करायला माणूस लागे. ही सगळी माणसं बंगल्याच्या मागच्या आउटहाउसमध्ये किंवा बाजारालगतच्या दाट वस्तीत राहत. कुणी गोव्याकडून आलेलं, कुणी मद्रासकडून पलटणीबरोबर, कुणी कोकणातून, कुणी आसपासच्या खेड्यांतून. म्हणून कॅम्पात मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी, तमिळ, तेलुगू या सगळ्या भाषा एका फर्लांगात ऐकू यायच्या. अशा ठिकाणी गोऱ्याकाळ्याची रेषा बंगल्याच्या आतूनच जात असे, पुढचा व्हरांडा आणि मागचं आउटहाउस यांच्यामधून.

आता या नकाशावर आपल्याकडची दुसरी रेषा ठेवू. खेड्यातली, गावठाण आणि महारवाडा यांच्यामधली. ती ब्रिटिशांनी आखलेली नव्हती. गावाच्या पाणवठ्याला ज्याला हात लावता येत नव्हता, त्या माणसाला छावणीत गणवेश मिळाला, रोख पगार मिळाला, मुलांना शाळा मिळाली. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. छावणीकडे पाहण्याच्या या दोन नजरा आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. शहरातल्या उच्चवर्णीय माणसाला इथे प्रथमच कळलं की रंगावरून आपल्याला बाहेर ठेवतात तेव्हा कसं वाटतं. ज्याला गावाने पिढ्यान् पिढ्या बाहेर ठेवलं होतं, त्याला याच छावणीत एक दार किलकिलं दिसलं.

तेही दार बंद झालं. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला लढाऊ वंशांचा सिद्धान्त पुढे करून महारांची भरती थांबवण्यात आली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली अर्ज तयार केला, पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट विलायतेतल्या भारतमंत्र्यांकडे विनंती केली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ साली १११वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर ती मोडली. मग दुसरं महायुद्ध आलं, बाबासाहेबांनी पुन्हा मागणी लावून धरली आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. कुठे? इथे, बेळगावात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे हे आपल्या घराघरात माहीत आहे आणि त्याचा अभिमानही आहे. महार रेजिमेंट याच मातीत उभी राहिली, ही गोष्ट मात्र कॅम्पातल्याही फार थोड्या माणसांना ठाऊक असते. ती शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असायला हवी.

त्याच महायुद्धातून परतलेल्या दुसऱ्या एका सैनिकाकडे आता वळू. अमेरिकेचे लाखो कृष्णवर्णीय जवान युरोपात आणि पॅसिफिकमध्ये लढून घरी आले. सरकारने परतलेल्या सैनिकांसाठी शिक्षणाची आणि स्वस्त घरकर्जाची योजना जाहीर केली होती. शहराबाहेर नवी उपनगरं उठत होती. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर १९४७ साली लेव्हिटटाउनचं काम सुरू झालं. एकसारखी हजारो घरं, पुढे हिरवळ, मागे अंगण, आणि हप्ता कारखान्यातल्या कामगाराला झेपेल एवढा. पण सुरुवातीच्या करारातच अट होती की गोऱ्यांखेरीज कुणी तिथे राहायचं नाही, घरकामाचे नोकर तेवढे चालतील. ही अट ऐकली की बंगला आणि आउटहाउस आठवल्याशिवाय राहत नाही.

एका बिल्डरचा हा हट्ट असता तर गोष्ट छोटी राहिली असती. सरकारच मागे होतं. १९३०च्या दशकात एका सरकारी संस्थेने अमेरिकेतल्या शहरांचे नकाशे तयार करवून घेतले. कर्ज द्यायला धोक्याची म्हणून जी वस्ती ठरे, ती लाल रंगवली जाई आणि कृष्णवर्णीय राहतात अशी वस्ती बहुधा लालच ठरे. १९३४ साली स्थापन झालेलं संघीय गृहनिर्माण प्रशासन घरकर्जाला विम्याची हमी देत होतं. वंशाने न जुळणारे लोक शेजारी आले तर घराची किंमत पडते, असं त्याच्या नियमपुस्तिकेत छापलेलं होतं. बँक हमीशिवाय कर्ज देईना, हमी वंश पाहिल्याशिवाय मिळेना. इथल्या छावणीत कारण दिलं होतं आरोग्याचं, तिथे दिलं किमतीचं. दोन्ही कारणं हिशेबी, शहाणपणाची वाटणारी. त्यांच्या आडून माणसं वेगळी काढता येत होती आणि कुणाला स्वतःला दुष्ट म्हणवून घ्यावं लागत नव्हतं.

१९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात सांगितलं की खरेदीखतातल्या अशा अटी न्यायालयं राबवणार नाहीत. १९५७ साली पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या लेव्हिटटाउनमध्ये मायर्स हे कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आलं, तेव्हा घराबाहेर जमाव जमून दगडफेक झाली. १९६८ साली, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवडाभरात, घरांच्या खरेदीविक्रीत आणि भाड्यात भेदभावाला बंदी करणारा कायदा आला. कायद्यापुरती रेषा पुसली गेली.

पुढचं समजून घ्यायला मिसूरी राज्यातलं फर्ग्युसन पाहावं. सेंट लुईस शहराचं हे एक लहानसं उपनगर. १९७० साली तिथे शंभरात एक माणूस कृष्णवर्णीय होता. १९९० साली शंभरात पंचवीस झाले, २००० साली निम्म्याहून जास्त, २०१० साली ६७. शेजारचं किनलॉक हे कृष्णवर्णीयांचं गाव. दोघांना जोडणारा रस्ता फर्ग्युसनने १९६०च्या दशकात अडथळा टाकून बंद ठेवला होता. पुढे विमानतळाच्या आवाजाचं निमित्त होऊन किनलॉकची घरं विकत घेतली गेली, साडेसहा हजारांचं गाव २०१० साली तीनशेच्या आत आलं आणि तिथली अनेक कुटुंबं फर्ग्युसनला गेली. गोरी कुटुंबं आणखी लांबच्या उपनगरांकडे निघाली. वस्ती अशी उलटीपालटी झाली, पण नगरपालिका, पोलीस, न्यायालय जुन्याच लोकांच्या हातात राहिलं. ऑगस्ट २०१४ मध्ये अठरा वर्षांचा निःशस्त्र मायकेल ब्राउन तिथे पोलिसाच्या गोळीने मेला आणि रस्ते पेटले. मार्च २०१५ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने अहवाल दिला: लोकसंख्येत ६७ टक्के असलेल्या कृष्णवर्णीयांच्या वाट्याला गाड्या अडवण्यातले ८५ टक्के, दंडाच्या पावत्यांतले ९० टक्के आणि अटकेतले ९३ टक्के प्रसंग आले होते. गवत वाढलं म्हणून दंड, रस्ता चुकीचा ओलांडला म्हणून दंड, दंड भरला नाही म्हणून वॉरंट. नगरपालिकेच्या तिजोरीत या दंडाचा मोठा वाटा होता.

हे का घडतं, ते घरपट्टीतून कळतं. अमेरिकेत शाळेचा फार मोठा खर्च त्या त्या भागाच्या घरपट्टीतून निघतो. महागड्या घरांचं उपनगर भरपूर पट्टी गोळा करतं, तिथली शाळा चांगली होते, शाळा चांगली म्हणून घर आणखी महागतं. गरीब उपनगराकडे पट्टी कमी जमते आणि मग दंडावर नजर जाते. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या पैशातली ही तफावत घटनेविरुद्ध नाही असं म्हटलं. १९७४ साली डेट्रॉइटच्या खटल्यात शहर आणि उपनगरं यांच्या शाळा एकत्र करायला नकार दिला. त्यात जागेचे नियम आले: एवढ्या क्षेत्रफळाखाली घर बांधायचं नाही, चाळवजा इमारत चालणार नाही. कुठेही वंशाचा उल्लेख नाही. न्यू जर्सीच्या न्यायालयाने १९७५ साली माउंट लॉरेल खटल्यात या नियमांना हात घातला म्हणून तिथे निदान थोडी स्वस्त घरं बांधणं उपनगरांना भाग पडलं. आणि ज्याच्या आजोबाला १९४७ साली घर नाकारलं गेलं, त्याच्या नातवाला वारशात घर आलं नाही. २०२२च्या अधिकृत पाहणीत मध्यम गोऱ्या कुटुंबाची संपत्ती २ लाख ८५ हजार डॉलर होती, मध्यम कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४५ हजार. पगारातला फरक एवढा नाही. हा फरक घराचा आणि वारशाचा आहे.

आज अमेरिकेची उपनगरं निव्वळ गोरी राहिलेली नाहीत. मोठ्या महानगरांच्या उपनगरांत १९९० साली बिगरगोरे लोक साधारण पाचात एक होते, २०२० साली शंभरात ४५ झाले. त्यात आपली मुलं आहेत. या सभागृहात बसलेल्यांपैकी किती जणांचा मुलगा, मुलगी, भाचा न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये आहे, हे मी विचारत नाही. बेळगावातल्या मध्यमवर्गीय घराला अमेरिका आता परकी नाही. १९२३ साली भगतसिंग थिंड यांना गोरे नाही म्हणून अमेरिकेचं नागरिकत्व नाकारलं गेलं होतं. १९६५च्या स्थलांतर कायद्याने दार उघडलं आणि त्यातून आपल्याकडचे सुरुवातीला गेले ते प्रामुख्याने शिकलेले. तिथल्या मराठी माणसांचं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली स्थापन झालं. २०१०च्या जनगणनेत न्यू जर्सीच्या एडिसनमध्ये चौथ्या हिश्श्याहून जास्त लोक भारतीय होते. तेही सुखासुखी झालं नाही. १९८७ साली जर्सी सिटीत आणि आसपास भारतीयांवर ठरवून हल्ले झाले आणि त्यात एकाचा जीव गेला.

तिथे पोचल्यावर आपली माणसं पहिला प्रश्न विचारतात: शाळा कुठल्या भागातली चांगली? मुलांसाठी चांगली शाळा मागण्यात काहीच गैर नाही. पण ती शाळा तिथे चांगली का आहे आणि दहा मैलांवरची का नाही, याच्या मागे लाल रंगाचे नकाशे आहेत. ज्या दारासाठी कृष्णवर्णीयांनी मार खाल्ला, तुरुंग भोगले, त्या दारातून आपण आत गेलो; १९६५चा कायदा नागरी हक्कांच्या चळवळीच्या लाटेवरच आला होता. आणि तरीही आपल्या दिवाणखान्यांत त्यांच्याबद्दल काय बोललं जातं, ते मी ऐकलं आहे आणि त्याने मला वाईट वाटलं आहे.

मराठी माणसाला तर हे शोभतच नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केली, ज्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे द्यायच्या निवेदनाबद्दल विचारणा केली. डु बॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिलं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेऊन. आणि ही परंपरा मुंबई-पुण्याची म्हणून आपल्यापासून दूर नाही. १९२० साली शाहू महाराजांनी माणगावच्या परिषदेत बाबासाहेबांच्या नेतृत्वाची ग्वाही दिली, ते माणगाव आपल्या निपाणीपासून फार लांब नाही. आणि एप्रिल १९२५ मध्ये मुंबई इलाख्याची बहिष्कृतांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली, ती तर निपाणीतच. बेळगावचं काँग्रेस अधिवेशन डिसेंबर १९२४चं, गांधीजी अध्यक्ष. त्याची स्मृती आपण त्यासाठी खणलेल्या विहिरीसकट जपली. चारच महिन्यांनी झालेल्या निपाणीच्या परिषदेची तशी जपणूक झाली नाही.

आता पुन्हा कॅम्प. १९४७ साली गोरे गेले. बंगल्यांत लष्करी अधिकारी, व्यापारी, वकील, डॉक्टर आले. शाळांत आपली मुलं शिकली. बाहेरून पाहिलं तर हद्द उरली नाही. पण कॅम्पात घर असलेल्या कुणालाही विचारा. जुन्या ग्रँटवरच्या बंगल्यात बांधकाम तुमचं आणि जमीन सरकारची. विकायचं, वाटणी करायची, मजला चढवायचा तर परवानगी लागते. ती हद्द जनरल लँड रजिस्टरमध्ये, म्हणजे छावणीच्या जमिनीच्या नोंदवहीत, आजही शाबूत आहे. २०११च्या जनगणनेत या कॅन्टोन्मेंटची वस्ती सुमारे १९ हजार होती. आता देशभरातल्या छावण्यांचे नागरी भाग स्थानिक नगरपालिकांना जोडायचं केंद्राने ठरवलं आहे. एप्रिल २०२३ मध्ये हिमाचलातल्या योलपासून सुरुवात झाली. बेळगावच्या कॅम्पाचंही बोलणं चालू आहे.

या बदलाच्या चर्चेत मी बंगल्यांविषयी खूप ऐकतो, आउटहाउसविषयी ऐकत नाही. ज्यांचे पणजोबा भिस्ती होते, खानसामा होते, सफाई करत होते, ती कुटुंबं याच कॅम्पात चार पिढ्या राहिली. रजिस्टरमध्ये बंगल्याच्या धारकाचं नाव असतं, मागच्या दोन खोल्यांत राहणाऱ्याचं नसतं. उद्या जमिनीला बाजारभाव आला की पहिला धक्का त्याला बसेल. तिकडे लेव्हिटटाउनमध्ये ज्यांना १९४७ साली कागद मिळाला त्यांची नातवंडं आज श्रीमंत आहेत. ज्यांना मिळाला नाही त्यांची नाहीत. कागद वाटण्याची वेळ एका पिढीत एकदाच येते. कॅम्पात ती आता येते आहे.

आणि भाड्याच्या घरांचं काय? सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात केलेला, २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की नाव दलित किंवा मुसलमान असेल तर भाड्याने घर मिळणं अवघड होतं, पैसे सारखेच असले तरी. तो अभ्यास दिल्लीचा आहे. टिळकवाडीत, शहापुरात, निपाणीत आडनाव विचारल्याशिवाय किल्ली देणारे मालक किती, हे ज्याचं त्याला ठाऊक. आपण सीमाभागातले मराठी लोक १९५६ पासून कागदासाठी, पाटीसाठी, शाळेसाठी झगडतो आहोत. संख्येने कमी असणं म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. त्याच आपण घरमालक झालो की कुणाला नाही म्हणतो, हे मला टोचतं आणि तुम्हालाही टोचावं.

माझी मागणी दोन गोष्टींपुरती आहे. कॅम्पाचं हस्तांतर होण्याआधी घरोघर पाहणी व्हावी, तीत आउटहाउस आणि लायनीतल्या प्रत्येक कुटुंबाची, किती वर्षं राहतात त्याची, स्वतंत्र नोंद व्हावी, आणि ही मागणी बंगल्यात राहणाऱ्यांनी पुढे होऊन करावी. दुसरं, ही व्याख्यानमाला चालवणाऱ्या वाचनालयाने अशा कुटुंबांचे जुने कागद गोळा करावेत: जुन्या पलटणीची पेन्शनची पुस्तकं, भरतीचे दाखले, रेशनकार्डं, शाळा सोडल्याचे दाखले, बंगल्याच्या मालकांनी नोकरांना दिलेल्या चिठ्ठ्या. महार बटालियनमध्ये १९४१ साली इथे भरती झालेल्यांची नातवंडं आसपासच्या खेड्यांत असतील, त्यांच्या पेट्यांत काही असेल. येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजच्या मुलांना वहीपेन देऊन कॅम्पच्या गल्ल्यांत पाठवा. मी त्यांच्याबरोबर यायला तयार आहे.